गुणात्मक की संख्यात्मक? प्रबंध अडकवणाऱ्या या चुका टाळा

डिसेंबरात एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातल्या एका गावात प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन उतरली. विषय होता ऊसतोड कुटुंबांचं स्थलांतर आणि लेकरांचं शिक्षण. गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. जी घरं उघडी होती, तिथं म्हातारी माणसं आणि यंदा तोडीला न गेलेली कुटुंबं. तिनं त्यांच्याकडूनच फॉर्म भरून घेतले, टक्केवारी काढली आणि निष्कर्ष लिहिला: स्थलांतराचा शिक्षणावर फारसा परिणाम दिसत नाही. दिसणार कसा? परिणाम झालेली लेकरं त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीच्या फडावर होती.

तिचं गणित बरोबर होतं, मेहनतही खरी होती. नमुनाच चुकला. आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत. सेमिस्टरच्या सोयीनं फिल्डवर्क ठरवलं, तर हा विषय हातचा जातो. पाहणी पावसाळ्यात करा, नाहीतर थेट फडावर जा. आणि गावची यादी घेताना तांडे, वस्त्या, वाड्या तिच्यात आहेत का ते आधी बघा. ग्रामपंचायतीसमोरच्या चौकातून सुरू झालेली पाहणी बहुतेक वेळा तांड्यापर्यंत पोचतच नाही.

आधी प्रश्न, मग पद्धत

गेली काही वर्षं मी समाजकार्य आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आराखडे वाचतो. बहुतेकांत प्रश्नावली आधी तयार असते आणि संशोधनाचा प्रश्न नंतर जुळवलेला असतो. तुम्हाला किती, कुठं, कोणात जास्त हे सांगायचं असेल, तर काम संख्यात्मक आहे. तिथं आधी ठरवलेले चल, म्हणजे मोजायच्या बाबी लागतात, सगळ्यांना तेच प्रश्न लागतात आणि नमुना मोठा लागतो. एखादी गोष्ट कशी घडते, माणसं तिचा काय अर्थ लावतात, निर्णय कसा घेतात हे कळायला हवं असेल, तर काम गुणात्मक आहे. तिथं माणसं कमी, वेळ जास्त, आणि मुलाखतीतून पुढचा प्रश्न सुचला तर तो विचारायची मोकळीक असते.

बीडचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. 2019 मध्ये जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी (गर्भाशय) काढलेली निघाली, म्हणजे साधारण दर सहाजणींत एक. हा आकडा नसता, तर प्रश्नाचा आवाका कुणालाच कळला नसता. पण ‘का’ हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी बाईजवळ बसावं लागतं. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा ना पाणी, एक दिवस काम बुडलं की मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, खाडा (दंड) लावतो, आणि पुढं कॅन्सर होईल म्हणून डॉक्टर भीती घालतो. हे तिन्ही एकमेकांत कसे गुंततात, हे होय-नाहीच्या चौकटीत मावत नाही. उलट, दहा बायांच्या मुलाखती घेऊन ‘जिल्ह्यात हे प्रमाण मोठं आहे’ असं लिहिता येत नाही. प्रबंधात सर्वाधिक घोळ इथंच होतो. एका पद्धतीकडून दुसरीचं काम करून घ्यायला जातो.

384 चं कोडं

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, नमुना 384 असं लिहिलेलं असतं. कुठून आला विचारलं, तर सर म्हणाले किंवा तक्त्यात होता. 95 टक्के विश्वासपातळी (शंभरातल्या पंच्याण्णव नमुन्यांत अंदाज मर्यादेत बसावा), 5 टक्के चूक-मर्यादा (अंदाज खऱ्या आकड्याच्या किती वर-खाली चालेल) आणि मोजायचं प्रमाण निम्मं धरलं, की मोठ्या लोकसंख्येसाठी हा आकडा येतो. अट एकच: निवड साधी यादृच्छिक हवी, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी.

आपण काय करतो? दहा गावं घेतो आणि प्रत्येकी 38-40 घरं. एका गावातली घरं बऱ्याच बाबतींत सारखी असतात. तीच विहीर, तोच मुकादम, तोच कारखाना. म्हणून 384 घरांतून 384 घरांइतकी नवी माहिती मिळत नाही. अशा समूह-नमुन्यात आकडा अनेकदा दीडपट-दुप्पट करावा लागतो, म्हणजे 576 ते 768. तेवढं झेपत नसेल, तर चूक-मर्यादा वाढवून तसं स्पष्ट लिहा. आणि कॉलेजच्या गेटवर भेटतील त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतले असतील, तर 384 काय आणि 3,840 काय, ती चूक-मर्यादा लागूच होत नाही.

गुणात्मक कामात उलटी चूक होते. ‘बारा मुलाखती पुरेशा असतात’ असं कुठंतरी वाचलेलं असतं. 2006 मध्ये घाना आणि नायजेरियातल्या महिलांच्या 60 मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच आले होते. पण त्या महिला बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या. तुमच्या अभ्यासात जोडपी, एकट्या महिला, मुकादम आणि घरी लेकरं सांभाळणाऱ्या आज्या असतील, तर बाराच्या वाट्यात प्रत्येक गटाला तीनच मुलाखती येतात. नवीन मुलाखतीतून नवं काही येईनासं झालं, की थांबा. प्रबंधात ते कोणत्या मुलाखतीपासून जाणवलं, हेही लिहा.

मोजायचं ते नेमकं काय?

ऊसतोडीत एकक असतं ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्याचा होतो. तुम्ही तक्त्यात ‘प्रति मजूर उत्पन्न’ असा रकाना केला आणि कोयत्याची रक्कम तशीच भरली, तर बाईची मजुरी कागदावरून पुसली गेली. दोनानं भागली तरी प्रश्न सुटत नाही, कारण तिच्या हातात किती येतं हे त्यातून कळतच नाही. कोयता मोजताय, माणूस मोजताय की कुटुंब, हे पहिल्या दिवशी ठरवा.

शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांचं असंच आहे. महसूल खात्याच्या नोंदीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागणी मदतीच्या निकषांवर होते, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची मोजणी पोलिसांच्या नोंदीवर. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाढ-घट काढू नका. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो बटईदार किंवा ती बाई कोणत्या रकान्यात बसते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अशा घरात जाताना संमती विचारा, आणि ‘मदत मिळवून देता का?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या, म्हणजे ‘नाही’.

बालविवाहाच्या टक्केवारीतही एक खाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा 20 ते 24 वयाच्या महिलांचा असतो: त्यांच्यापैकी किती जणींचं लग्न अठराच्या आत झालं. ती लग्नं काही वर्षांपूर्वीची असतात. ‘यंदा इतक्या टक्के मुलींची लग्नं झाली’ असं त्यावरून लिहिणं चूक आहे.

प्रश्न गावच्या बोलीत आहे का?

‘आपली गर्भाशय शस्त्रक्रिया झाली आहे काय?’ असं विचारलं की बाई गोंधळते. ‘पिशवी काढलीय का?’ म्हटलं की लगेच उत्तर येतं, आणि पाठोपाठ सगळी हकीकतही. ‘नळाला पाणी येते का’ याला लातुरात कुणीही ‘येतंय की’ म्हणेल. किती दिवसांनी येतं हे न विचारता तुम्ही ‘होय’वर टिक केलं असेल, तर आठ दिवसांनी येणारं आणि रोज येणारं पाणी एकाच रकान्यात गेलं. ‘अत्यंत समाधानी’ ते ‘अत्यंत असमाधानी’ ही पाच पायऱ्यांची फूटपट्टी म्हाताऱ्या माणसांपुढं ठेवली, की ‘बरंय’ एवढंच ऐकू येतं. पंधरा-वीस जणांवर आधी चाचणी घ्या. अडखळलेला प्रत्येक प्रश्न बदला.

मुलाखत उतरवताना बोली ‘शुद्ध’ करू नका. ‘जीव नको झालाय’चं ‘मानसिक तणाव जाणवतो’ केलं, की बाईचं म्हणणं जाऊन तुमचं राहतं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला उतरवायला सहज चार-पाच तास लागतात, तेवढे वेळापत्रकात धरा. आणि नवरा किंवा सरपंच शेजारी बसलेला असताना घेतलेली मुलाखत वेगळी नोंदवा. तिच्यात कोण बोलत होतं, हे नंतर आठवत नाही.

डेटा गोळा झाला, आता चूक कळली?

बारा मुलाखतींवर ‘75 टक्के महिलांच्या मते’ असं लिहिलं असेल, तर टक्केवारी वगळा, ‘बारापैकी नऊजणी’ लिहा आणि उरलेल्या तिघींचं वेगळेपण सविस्तर मांडा. बरेचदा तिथंच काहीतरी सापडतं. नमुना सोयीचा झाला असेल, तर शीर्षकातलं ‘मराठवाडा’ काढून त्या तीन गावांची नावं घाला. आठ जिल्ह्यांवर दावा करायला तीन गावं पुरत नाहीत. पाऊस आणि कर्ज यांत सहसंबंध निघाला असेल, म्हणजे दोन्ही बरोबरीनं बदलताना दिसले असतील, तर ‘मुळे’ हा प्रत्यय वापरायच्या आधी दुसरी कारणं तपासलीत का ते बघा. प्रश्नावलीतून काही विचित्र निघालं असेल, तर त्यातल्या सहा-सात घरांत परत जाऊन निवांत बोला. पाहणीनंतरच्या मुलाखती हाही रीतसर मिश्र (दोन्ही पद्धतींचा) आराखडा आहे, फक्त तो क्रम पद्धतीच्या प्रकरणात लिहावा लागतो.

त्या विद्यार्थिनीनं शेवटी तेच केलं. जूनमध्ये ती पुन्हा त्याच गल्लीत गेली. तेव्हा घरं उघडी होती.