पांदणीवर टिकेल अशी मागची रीम

दुकानात जाऊन "मजबूत रीम द्या" म्हटलं की बहुतेक वेळा सगळ्यात जड रीम हातात पडते. एका पावसाळ्यानंतर ती पण आऊट मारायला, म्हणजे फिरताना डुलायला, लागते. माउंटन बाइकच्या मागच्या रीमचं टिकणं वजनापेक्षा तिच्या घडणीवर आणि स्पोकच्या ताणावर जास्त अवलंबून असतं. म्हणून पैसे काढण्याआधी जुनी रीम नीट पाहा. ती का गेली हे कळलं की कोणती घ्यायची, हे निम्मं तिथेच ठरतं.

सायकलस्वाराचं साठेक टक्के वजन एरवीही मागच्या चाकावर असतं. करिअरवर सरकीचं पोतं किंवा दुधाचे कॅन बांधले, की त्यांचा बोजा जवळपास सगळा तिथेच येतो. त्यात फ्रीव्हीलला (मागच्या दातेरी चकत्यांना) जागा देण्यासाठी रीम हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, उजव्या कडेकडे सरकवलेली असते. त्यामुळे उजवे स्पोक जास्त उभे आणि कडक, तर डावे तिरपे आणि सैल राहतात. मागचं चाक पुढच्यापेक्षा आधी बिघडतं ते यामुळेच.

आता जुन्या रीमकडे वळू. कड एका जागी आत दबली असेल आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडत असतील, तर टायरमध्ये हवा कमी होती आणि गिट्टीवर रीम थेट आपटली. निपलच्या (स्पोक रीमला कसणाऱ्या छोट्या नटाच्या) भोकांभोवती केसासारखे तडे दिसले, तर ताण जास्त होता किंवा रीमचा पत्रा थकला. ब्रेकची पट्टी, म्हणजे ब्रेकचं रबर घासतं ती रीमची बाजू, खोलगट झाली असेल, तर चिखलातल्या वाळूने ती घासून गेली. स्टीलची पट्टी आडवी लावून उजेडात धरा, फट लगेच दिसते. काळ्या मातीत ओली पडलेली चाकोरी दिवाळीनंतर दगडासारखी वाळते. तिच्यात चाक आडवं अडकलं की सगळं चाक पापडासारखं वेडंवाकडं होतं. पण रीम सरळ असून स्पोक मात्र एकामागून एक, तेही हबजवळच्या वाकणात तुटत असतील, तर रीमचा दोष नाही. ताण सैल आहे. तिथे नवी रीम घालून काहीच साधणार नाही.

मापात सगळ्यात जास्त फसगत होते. इंचांवर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला ५४-५५९ असा आकडा कोरलेला असतो, त्यातला दुसरा आकडा रीमचा. माउंटन बाइकच्या २६ इंचाला ५५९, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२. साध्या सायकलीची २६ × १ ३/८ ही रीम पण "सव्वीसच" म्हणून मिळते, पण तिचा आकडा ५९० असतो आणि माउंटन बाइकचं टायर तिच्यावर चढत नाही. जुन्या काळ्या सायकलीची २८ इंची रीम ६३५ ची, तिचा तर विचारच नको.

मग भोकं मोजा. हबला जितके स्पोक तितकीच रीमला भोकं हवीत. आपल्याकडच्या बहुतेक गिअरवाल्या सायकलींना ३६ असतात, काहींना ३२. भार वाहायचा असेल तर ३६ च चांगली. एखाद्या स्पोकने दगा दिला तरी घरापर्यंत येता येतं.

घडणीत पहिली अट डबल वॉलची. सिंगल वॉल रीम म्हणजे इंग्रजी यू आकाराची एकच पट्टी, रीम टेप काढला की निपलची डोकी तिथेच वर दिसतात. डबल वॉलमध्ये वर आणखी एक पदर असतो, निपल त्या पोकळीत खोल बसलेले असतात. दुकानात व्हॉल्व्हच्या भोकात डोकावलं तरी दोन पदर दिसतात. या चौकोनी पोकळीमुळे रीम कमी वजनात जास्त ताठ राहते. निपलच्या भोकाला स्टीलची कडी, म्हणजे आयलेट, असेल तर उत्तम, कारण ताण जास्त जागेवर पसरतो. नसली तरी पत्रा तिथे जाड असेल तर अडत नाही. स्टीलची चकचकीत रीम ठोकून सरळ करता येते म्हणून अनेकांना आवडते, पण रिम ब्रेक असेल तर पावसात तिच्यावर ब्रेक लागतच नाही. चढ-उताराच्या मेळघाटात हा खेळ नको. अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या.

आतली रुंदी, म्हणजे दोन कडांमधलं अंतर, २.१ इंचाच्या टायरला १९ ते २५ मिमी पुरते. फार अरुंद रीमवर टायर फुग्यासारखं डोलतं.

व्ही-ब्रेक, म्हणजे रीमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक, असेल तर बाजू सपाट आणि समांतर असाव्यात. जोडावरून नख फिरवा. तिथे पायरी लागली तर दर फेरीला ब्रेक धक्का मारेल. डिस्क ब्रेकची रीम वेगळी असते, तिला घासायची पट्टीच नसते. तिच्यावर व्ही-ब्रेक लावू नये. शेवटी रीम दुकानातल्या काचेवर आडवी ठेवा आणि बोटाने दाबत फिरवा. डुलत असेल तर दुसरी मागा.

यापुढचं माप बहुतेक जण सोडून देतात आणि मग स्पोक बसत नाहीत. निपल जिथे टेकतं तिथला रीमचा व्यास मोजायचा असतो. दोन जुने स्पोक चुडीच्या (आट्यांच्या) टोकापासून बरोबर २०० मिमीवर कापा. समोरासमोरच्या भोकांत, म्हणजे ३६ च्या रीमला पहिल्या आणि एकोणिसाव्या भोकात, निपलसकट घाला. चुडीचं टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवा, दोन्ही ताणून धरा आणि मधली फट मोजा. फट अधिक ४०० म्हणजे तो व्यास. असं दोन-तीन ठिकाणी करून सरासरी घ्या. जुन्या रीमपेक्षा व्यास ४ मिमीने कमी निघाला तर स्पोक २ मिमीने आखूड लागतील. सिंगल वॉलवरून डबल वॉलवर येताना फरक सहसा याहून मोठा असतो. जुने स्पोक तसेच घातले तर चुडी संपते, निपल फिरत नाही आणि ताण येतच नाही. चाक बांधून झाल्यावर हे कळतं, मग सगळा उपद्व्याप पुन्हा.

व्यास जुळत असेल तरी दोन-तीन स्पोक आधीच तुटलेले असतील, तर सगळेच नवे घ्या. बाकीच्यांनी पण तेवढाच मार खाल्लेला असतो. चांगले स्टेनलेस, १४ गेजचे, म्हणजे २ मिमी जाडीचे. निपल पितळी.

रीम चढवण्याआधी हबचा एक्सल बोटांनी फिरवा. टोक गोल फिरताना डोलत असेल तर एक्सल वाकला आहे. चुडीवर फ्रीव्हील बसणाऱ्या हबमध्ये उजवी बेअरिंग बरीच आत असते आणि एक्सलचं टोक आधाराशिवाय बाहेर राहतं. जड भाराने तेच आधी वाकतं. आधी तो बदला. तयार चाकच घेणार असाल तर फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधलं अंतर मोजून घ्या. ते बहुधा १३५ मिमी असतं.

जुने स्पोक चालणार असतील तर चाक उसवू नका. नवी रीम जुन्याला चिकटवून धरा, व्हॉल्व्हची भोकं एका रेषेत आणा, तीन-चार ठिकाणी टेपने बांधा आणि एकेक स्पोक पलीकडे न्या. त्याआधी एक बघा: व्हॉल्व्हशेजारचं पहिलं भोक दोन्ही रीमना एकाच बाजूला झुकलेलं हवं. नसेल तर स्पोक तिरके ओढले जातात. चुडीला तेलाचा एकेक थेंब द्या.

ताण द्यायची घाई करू नका. सगळे निपल सारख्या फेऱ्यांनी कसा, मग अर्ध्या अर्ध्या फेरीने पुढे चला. आडवा आऊट, उभा आऊट आणि रीम मधोमध आहे की नाही, हे तिन्ही आळीपाळीने पाहत राहा. मधोमध आहे का ते कळायला चाक फ्रेममध्ये उलटं घालून बघा. दोन्ही वेळा ब्रेकच्या रबरापासूनचं अंतर तेवढंच यायला हवं. आऊट १ मिमीच्या आत आला की पुरे. सगळीकडे बसते म्हणून विकली जाणारी गोल, अनेक खाचांची चावी निपलचे कोपरे खाते, तुमच्या निपलच्याच मापाची घ्या. ताण मोजायचं यंत्र गावातल्या दुकानात नसतं, पण कान असतो. उजव्या बाजूचे सगळे स्पोक बोटाने छेडले तर साधारण एका सुरात वाजावेत, डावे त्यांच्याहून खालच्या. बहुतेक चांगल्या रीमना उजवीकडे १०० ते १२० किलो ताण चालतो. मधेच एखादा भद्द वाजला तर तो सैल आहे. शेवटी समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबा. करकर आवाज येईल, वाकलेले पीळ तिथेच निघतील. मग आऊट पुन्हा बघा, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

स्पोकचं टोक निपलच्या वर आलं असेल तर कानसून घ्या, आणि रीम टेप कापडी घाला. उन्हाळ्यात पातळ प्लास्टिकचा टेप मऊ पडून भोकांत दबतो आणि ट्यूब आतूनच फुटते. मग लोक बाभळीच्या काट्याला दोष देत बसतात.

हवा सत्तर किलोच्या माणसाला २.१ च्या टायरमध्ये ३५ ते ४५ पीएसआय. करिअरवर पोतं असेल त्या दिवशी मागच्या चाकात आणखी भरा, फक्त टायरवर लिहिलेल्या कमालीच्या पुढे जाऊ नका. "उन्हात फुटेल" म्हणून मे महिन्यात हवा कमी ठेवणारे बरेच आहेत. त्या सवयीने टायर वाचत नाही आणि गिट्टीच्या पहिल्याच खड्ड्यात नवी रीम जाते.