चिखलदऱ्याच्या घाटातला धबधबा पाहाचा असन तं

जुलै ते सप्टेंबरमदे जा, अन् शनिवार-रविवार टाळाच, लय गर्दी रायते. परतवाड्यालेच पेट्रोल भरून घ्या, सकाळी लवकर निघा, घाटात धुकं असलं तं हेडलाइट चालू ठेवा अन् गाडी वळणावर बिलकुल लावू नका, पुढं मोकळी जागा पाहून लावा अन् पायी मागं या.

पाण्याखालचा काळा दगड नीट पाहा भाऊ, हा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांआधी लाव्हा थरावर थर वाहत आला अन् थंड झाला, नरम थर झिजले, कडक रायले, म्हणून त्या पायऱ्या दिसतात. दगडातले बारके भोकं म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे! शेवाळावर मात्र चप्पल घालून चढू नका, सेल्फी खालूनच काढा. भाजलेलं कणीस माकडाईपासून लपवून खा.