पहिल्या घाट-शर्यतीची तयारी: गिअर, टायर आणि घोळक्यातली शिस्त

पुण्याच्या आसपास सायकल चालवणारा माणूस आज ना उद्या सिंहगडाच्या चढावर घड्याळ लावून पाहतोच, आणि तिथून हौशी शर्यतीत नाव नोंदवण्यापर्यंतचे अंतर फार नसते. नाव नोंदवून झाले, की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो नव्या सायकलचा: कार्बनची फ्रेम घ्यावी का, चाके बदलावीत का, हलकी सीट मिळेल का. माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या घाट-शर्यतीसाठी नवी सायकल लागत नाही. लागतात ते चढाला पुरणारे गिअर, रस्त्याला साजेसे टायर, भरवशाचे ब्रेक आणि इतरांच्या चाकाजवळ शांतपणे चालवण्याची सवय. या चार गोष्टींचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या तीन थोड्या पैशांत आणि एका आठवड्यात जमतात, चौथीला मात्र महिने द्यावे लागतात.

वजनाचा मोह आधी बाजूला ठेवू. स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो भरत असतील आणि गडाचा साधारण ९ किलोमीटरचा चढ चढायला एक तास लागत असेल, तर एक किलो वजन कमी केल्याने वेळ सव्वा टक्क्याने, म्हणजे जेमतेम पाऊण मिनिटाने कमी होतो. हे पाऊण मिनिट पहिल्या तिघांत येणाऱ्यांसाठी मोलाचे आहे. पण नवखा स्वार एखाद्या खड्या वळणावर पाय टेकवतो, सायकल ढकलत पुढे नेतो आणि चढावरच पुन्हा पेडलवर पाय बसवण्याची खटपट करतो, तेव्हा त्याचे त्याहून जास्त नुकसान होते. म्हणून पैसे आधी पाय टेकवावा लागू नये यासाठी खर्च करावेत.

पाय टेकवावा लागतो तो मुख्यतः गिअर अपुरे पडल्यामुळे. रोड सायकलला पुढे बहुधा ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रे असतात आणि मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे असते. ३४ ला २८ ने भागले, की पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक १.२१ वेळा फिरते. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरांहून थोडी पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ९.२ किलोमीटर होतो. दहा टक्क्यांच्या (शंभर मीटरला दहा मीटर उंचीच्या) चढावर एवढा वेग राखायला ८० किलोंच्या एकूण वजनासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्धच सुमारे २०० वॅट शक्ती लागते; टायरचे घर्षण आणि हवेचा रोध त्यात धरलेले नाहीत. नवख्या स्वाराला ती बराच वेळ टिकवता येत नाही, म्हणून फेरे ६० वरून ५० वर, मग ४५ वर येतात, गुडघ्यावर भार वाढत जातो आणि शेवटी सायकल नागमोडी चालू लागते. मागचे मोठे चक्र ३४ दात्यांचे असेल तर एका फेऱ्याला २.१ मीटर अंतर जाते, त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी ७.६ किलोमीटर राहतो आणि तीच गरज सुमारे १६५ वॅटवर येते. वेग कमी झाल्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण ज्याचे पाय शेवटच्या दोन किलोमीटरपर्यंत फिरत राहतात तोच तिथे इतरांना मागे टाकतो.

कॅसेट बदलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, चेन धरणारा पिंजरा आखूड असेल, तर तो ३४ दात्यांचे चक्र पेलत नाही. उत्पादकाने त्या डिरेलरसाठी दिलेली कमाल मर्यादा पाहूनच कॅसेट घ्यावी. कॅसेटमधल्या चक्रांची संख्या आपल्या शिफ्टरशी (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याशी) जुळायला हवी, म्हणजे नऊ गिअरच्या शिफ्टरला नऊचीच कॅसेट. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे चेन.

माझ्या पहिल्या शर्यतीच्या दोन दिवस आधी मी शहरातल्या एका दुकानात मोठी कॅसेट बसवून घेतली. चेन जुनीच ठेवली गेली, आणि मीही ती बदलण्याचा आग्रह धरला नाही. सपाटीवर सगळे सुरळीत वाटले. चढावरच्या एका उजव्या वळणावर मी सीटवरून उठून जोर लावला आणि चेन दात्यांवरून सटकली. पेडल एकदम मोकळे फिरले, उजवा गुडघा हँडलवर आपटला आणि मी डाव्या पायावर कसाबसा उभा राहिलो. मागून येणाऱ्या तिघांना माझ्यामुळे रस्त्याच्या मधोमध जावे लागले. नंतर चेन मोजून पाहिली तेव्हा कारण कळले. नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी ३०.४८ सेंटिमीटर असते. तेवढ्याच कड्या दीड मिलिमीटर जास्त भरू लागल्या, म्हणजे चेन अर्धा टक्का ताणली गेली, की दहा-अकरा गिअरच्या सायकलवर ती बदलायला हवी. माझी चेन त्याच्या कितीतरी पुढे गेलेली होती. ताणलेली चेन जुन्या, तिच्याबरोबरच झिजलेल्या चक्रांवर कशीबशी चालते. नव्या कोऱ्या दात्यांवर मात्र ती नीट बसत नाही आणि जोर पडला की उडी मारते. म्हणून कॅसेट नवी तर चेनही नवी. तिची लांबीही नव्याने ठरवावी लागते: पुढचे मोठे आणि मागचे मोठे चक्र यांवर चेन चढवली असता डिरेलर ताणून सरळ होता कामा नये, त्याला थोडा वाकायला वाव उरला पाहिजे. हे सगळे काम शर्यतीच्या किमान पंधरा दिवस आधी करावे आणि त्यानंतर दोनदा तरी खऱ्या चढावर, पूर्ण जोर लावून तपासावे.

टायरच्या बाबतीत रुंद म्हणजे हळू हा जुना समज अजून पुरता गेलेला नाही. आपल्या घाटरस्त्यांवर पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या बाजूला खडी साचते, डांबर उखडलेले असते, आणि २३ मिलिमीटरचा टणक टायर प्रत्येक खडबडीत जागी उडत राहतो. त्या उडण्यात शक्तीही वाया जाते आणि पकडही सुटते. फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ मिलिमीटरचे टायर घ्यावेत. ६५ ते ७० किलो वजनाच्या स्वाराला अशा टायरमध्ये मागे ७० ते ७५ आणि पुढे त्याहून पाचेक पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) कमी हवा पुरते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरावी असा सल्ला नव्हे. हवा भरायला दाबमापक असलेला उभा पंप घरी ठेवावा, कारण पेट्रोल पंपावरची नळी रोड सायकलच्या ट्यूबला असलेल्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला थेट बसत नाही आणि अंगठ्याने दाबून काढलेला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. दर मोठ्या फेरीनंतर टायर हळूहळू फिरवून रबरात रुतलेले काचेचे कण सुईच्या टोकाने काढावेत. अर्ध्याहून अधिक पंक्चर अशी टाळता येतात, हा माझा अनुभव आहे.

रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर पॅड दाबणारे) असतील तर पावसाळा संपताच पॅड काढून त्यांचा पृष्ठभाग पाहावा. त्यात वाळूचे आणि रिममधून निघालेल्या ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले असतात, ते टाचणीने काढून पॅड बारीक पॉलिशपेपरवर घासून घ्यावेत. सीटच्या उंचीसाठी घरच्या घरी करण्याची सोपी कसोटी अशी: टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेले असता पाय सरळ व्हावा, म्हणजे पाऊल नेहमीच्या जागी आले की गुडघ्यात हलका बाक उरतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर आहे. हेल्मेटबद्दल वेगळे सांगायला नको. व्यावसायिक शर्यतींतही ते २००३ मध्ये एका स्वाराच्या मृत्यूनंतरच सक्तीचे झाले, आपण तशी किंमत मोजण्याची वाट पाहू नये.

आता घोळक्याविषयी, कारण इथे चूक झाली तर ती एकट्याला भोवत नाही. आपल्याकडे अनेक जण २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करून मग शर्यतीकडे वळतात. त्यातून चिकाटी निश्चित येते, पण बीआरएम ही शर्यत नाही आणि तिथे बराच वेळ एकट्यानेच चालवणे असते. शर्यतीत घाटाच्या पायथ्यापर्यंतचा सपाट भाग घोळक्यातच जातो, आणि पुढच्या स्वाराच्या आडोशाला राहिले तर सपाटीवर पाव ते एक तृतीयांश शक्ती वाचते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात सर्वांत आधी माथा गाठणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची परंपरा आहे. पण घाटाच्या पायथ्याच्या खोपोलीपर्यंत आडोशाला राहून पाय राखता आले नाहीत, तर पुढच्या चढावर काही उरत नाही, हे त्या शर्यतीत उतरलेला कोणीही सांगेल.

आडोशाला राहायचे म्हणजे आपले पुढचे चाक पुढच्या स्वाराच्या मागच्या चाकाच्या मागे ठेवायचे, त्याच्या बाजूला शिरकवायचे नाही. चाके बाजूबाजूला आली आणि पुढचा स्वार खड्डा चुकवायला जरासा सरकला, तर त्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक लागते; तो सावरतो, पडतो तो मागचा. नजर त्याच्या चाकावर खिळवू नये, त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या रस्त्यावर ठेवावी. एकदम ब्रेक लावू नये. वेग जास्त वाटला तर पेडल थांबवून किंवा छाती किंचित वर घेऊन हवेचा रोध वाढवावा. खड्डा, खडी, गतिरोधक दिसला की हाताने दाखवावा आणि मोठ्याने सांगावा, आणि पाणी प्यायचे ते घोळक्याच्या मधे नव्हे, मागे आल्यावर. हे एकदम पंधरा-वीस जणांत शिकता येत नाही. आधी एका ओळखीच्या सोबत्याबरोबर दोन चाकांत एक मीटर अंतर ठेवून, मग अर्धा मीटर, मग चार जणांत, असे आठ-दहा रविवार द्यावेत. सराव पहाटे, वाहने नसलेल्या रस्त्यावर करावा. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर सायकलला मुळात परवानगीच नाही, तेव्हा तिकडे जाऊ नये.

चढाचा सराव आठवड्यातून एकदा पुरतो, पण तो ठरवून करावा. दिवे घाट किंवा कात्रजचा जुना घाट लागोपाठ तीनदा चढताना तिन्ही वेळांत फरक कमीत कमी यावा, असे लक्ष्य ठेवावे. पहिल्या खेपेला जीव तोडून चढलेला स्वार तिसऱ्या खेपेला चार-पाच मिनिटे हरवतो, आणि शर्यतीतही त्याच्याकडून हेच घडते. शर्यतीत चढ सुरू होताना पुढचे लोक सुसाट निघतात. त्या वेळी त्यांच्यामागे न जाता, अर्धे वाक्य बोलता येईल एवढ्या दमात पहिला एक तृतीयांश चढ पार करावा. तीव्र वळण आतल्या बाजूने जास्त खडे असते, रस्ता मोकळा असेल आणि नियमांत बसत असेल तर बाहेरच्या बाजूने घ्यावे, आणि गिअर वळणात शिरण्यापूर्वी बदलावा, जोर पडलेला असताना नव्हे.

खाण्याचे फार अवडंबर नको. तीन तास आधी नेहमीचे, कमी तेलाचे पोहे किंवा तूप-साखर-पोळी चालते. शर्यत दीड तासाहून लांब असेल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात, म्हणजे दोन मध्यम केळी किंवा एक केळे आणि तीन-चार खजूर. पाण्याच्या एका बाटलीत ओआरएस असावे, विशेषतः मार्चनंतर. जे सरावात खाल्ले नाही ते शर्यतीत खाऊ नये. नोंदणी करताना गटाचे नियमही वाचावेत, कारण अनेक स्थानिक शर्यतींत गिअरच्या आणि बिनगिअरच्या सायकलींचे गट वेगळे असतात.

माथ्यावर पोहोचल्यावर उतार उरतोच, आणि थकलेल्या हातांनी, घामाने भिजलेल्या कपड्यांत, समोरून गडावर येणाऱ्या गाड्यांच्या रांगेतून तो उतरायचा असतो. दहा मिनिटे थांबावे, काहीतरी खावे, वाऱ्यापासून छातीला आडोसा म्हणून पातळ जाकीट घालावे. उतरताना हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवावेत, वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नयेत आणि बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा. ब्रेक सतत धरून ठेवले तर रिम तापते, म्हणून थोडे दाबून सोडावेत, पुन्हा दाबावेत. बोटे आखडल्यासारखी वाटली तर सरळ बाजूला थांबावे आणि हात झटकून मोकळे झाल्यावरच पुढे निघावे.