बाइक अपघातानंतर डिस्चार्ज मिळाला, आता फॉलो-अप कसं सांभाळायचं?

पेशंटला घरी नेण्याआधी कागद ताब्यात घ्या: डिस्चार्ज कार्ड, एमएलसी नंबर (अपघाताची पोलिसांसाठी होणारी हॉस्पिटलमधली नोंद), एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फिल्म (नुसते रिपोर्ट नव्हे), ऑपरेशनच्या नोट्स, आणि आत बसवलेल्या रॉड-प्लेटचं स्टिकर. हे स्टिकर हमखास हरवतं. पुढे रॉड काढायची वेळ आली आणि कंपनी-साइज ठाऊक नसली, की सर्जनला नेमकी हत्यारं मिळवताना त्रास होतो. 2025 च्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत अपघातापासून 7 दिवस, दीड लाखांपर्यंतचा उपचार बसतो. फॉलो-अप बहुतेक त्यानंतरचं असतं, म्हणून प्रत्येक पावती जपा. कायद्यात भरपाईच्या दाव्यासाठी अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे. वकिलाला लवकर भेटा.

डोक्याला मार असेल तर सीटी नॉर्मल आला तरी पहिले दोन दिवस पेशंटला एकटं ठेवू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, जागं करूनही न उठणं, फिट, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यांतलं एकही दिसलं तर थेट इमर्जन्सीत न्या, ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका. झोपेची गोळी आणि दारू बंद, कारण गुंगी कशाची हेच मग कळत नाही. साठीपुढच्या किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या पेशंटमध्ये रक्तस्राव कवटीत हळूहळू साठतो आणि काही आठवड्यांनी चाल अडखळते, बोलण्यात गोंधळ होतो. घरचे ते वयावर ढकलतात. तेव्हा पुन्हा सीटी लागतो.

पोटाला हँडल लागलं असेल तर पहिले दोन आठवडे लक्ष ठेवा. प्लीहेतला (पोटात डावीकडे, बरगड्यांखालचा अवयव) रक्तस्राव उशिराही सुरू होतो: पोटात दुखणं, घेरी, कधी डाव्या खांद्यात कळ.

पहिल्या तपासणीत निसटणाऱ्या इजा तीन आहेत, आणि फॉलो-अपचा खरा उपयोग इथेच. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी दाबलं की दुखत असेल, तर आधीचा एक्स-रे साफ असला तरी 10 ते 14 दिवसांनी पुन्हा काढून घ्या. तिथल्या छोट्या हाडाची चीर आधी दिसत नाही आणि दुर्लक्ष झालं तर हाड जुळतच नाही. मांडीचं हाड मोडलं असेल तर ऑपरेशननंतर गुडघ्याचे लिगामेंटही तपासायला सांगा, कारण मांडीच्या वेदनेत गुडघा झाकला जातो. आणि खांद्यावर आपटून हात लुळा पडला असेल तर 'येईल हळूहळू' म्हणत बसू नका. साधारण 3-4 आठवड्यांनी नसांची तपासणी होते. 3 महिन्यांत हालचाल सुरू झाली नाही, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवा. 6 महिन्यांच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेचा फायदा जास्त. दीड वर्षाने नस जोडली तरी स्नायू दाद देत नाही.

कच्च्या किंवा पक्क्या प्लास्टरमध्ये पहिले तीन दिवस पाय छातीपेक्षा उंच ठेवा, दोन-तीन उशा पुरतात. नखं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवीत. बोटं निळी-बधिर, औषधाने न दबणारी वेदना, बोटं कुणी हलवली तरी असह्य कळ: अशा वेळी हातात काही तासच असतात, रात्र असली तरी इमर्जन्सीत जा. खाज आली म्हणून आत सुई-पट्टी घालू नका.

नडगीत रॉड असेल तर टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात, एक्स-रे साधारण 6 आणि 12 आठवड्यांनी. रॉड टाकला म्हणजे हाड जुळलं, असा समज पक्का असतो. रॉड फक्त आधार देतो. हाड धरलं नाही तर काही महिन्यांनी रॉडच मोडतो. वजन किती द्यायचं हे सर्जनला प्रत्येक भेटीत विचारा. तंबाखू, बिडी, सिगारेट बंद. हाड जुळायला त्याने खरोखर वेळ लागतो. घोटा दर तासाला 10-15 वेळा वर-खाली करा. पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर रक्ताच्या गाठीची शंका घेऊन लगेच जा.

जखमेतून पू, लाली, ताप असेल तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. पुवाची तपासणी आधी झाली तरच नेमकं औषध कळतं. खरचटलेल्या जागी हळद-चुना नको. रुतलेली खडी काढली नाही तर काळे डाग कायम राहतात.

मालिश हा आपल्याकडचा जुना उपद्रव. कोपराला मार लागल्यावर हाडवैद्याकडून चोळून घेतलं तर स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचं अडकू शकतं. फिजिओथेरपीत पेशंट स्वतः हालचाल करतो, ती वेगळी गोष्ट.

पुन्हा बाइक चालवायची परवानगी एक्स-रेवर हाड जुळल्यावरच. उजवा पाय मोडला असेल तर मागचा ब्रेक जोरात दाबून पाहा, डावा असेल तर गिअर; आणि दुखऱ्या पायावर उभं राहून गाडी तोलता येते का तेही. स्कूटर असली तरी थांबताना पाय टेकावाच लागतो. अपघातातलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतलं थर्माकोल एकदा दबलं की पुन्हा धक्का शोषत नाही.