चेहऱ्याची हालचाल व्हिडिओवर कशी मोजावी

चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेला रुग्ण काही आठवड्यांनी तपासणीला येतो आणि पूर्वीपेक्षा बरे वाटते असे सांगतो, तेव्हा सुधारणा नेमकी किती झाली हे ठरवण्यासाठी बहुतेक दवाखान्यांत डॉक्टरांची नजर हेच साधन असते. १९८५ मध्ये मांडलेली हाऊस-ब्रॅकमन श्रेणी सहा पायऱ्यांची आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली सनीब्रुक पद्धती ऐच्छिक हालचालींच्या गुणांतून विश्रांतीच्या वेळची असमानता आणि नको तिथे होणारी सहहालचाल वजा करून १०० पैकी गुण देते. दोन्ही पद्धती उपयुक्त आहेत आणि त्या शिकून घ्यायलाच हव्यात. परंतु त्यांचा आधार तपासणाऱ्याचा अंदाज असल्यामुळे एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञ वेगवेगळे गुण देऊ शकतात, आणि पायऱ्या मोठ्या असल्यामुळे लहान सुधारणा त्यांत दिसतच नाही. व्हिडिओवरील मोजमाप ही उणीव भरून काढू शकते. पुढील कार्यपद्धती फिजिओथेरपी व दंतवैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांच्यासोबत प्रतिमा-प्रक्रियेचे काम करणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासाठी लिहिली आहे. चित्रण करताना राहिलेला दोष नंतर कोणताही प्रोग्रॅम दुरुस्त करू शकत नाही, म्हणून यातील मोठा भाग चित्रणाविषयीच आहे.

त्याआधी एक सूचना. चेहरा अचानक वाकडा झालेला माणूस समोर आला, तर त्याचे चित्रण करण्यात वेळ घालवू नये. त्याला लगेच डॉक्टरांकडे पाठवावे. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळत असल्यामुळे पक्षाघातात अनेकदा कपाळावर आठ्या घालता येतात आणि फक्त खालचा चेहरा ओघळतो, तर बेल्स पाल्सीमध्ये, म्हणजे चेहऱ्याची नसच दुखावली असता, कपाळही लुळे पडते. हा फरक माहीत असावा, पण त्यावरून निदान करण्याचे काम विद्यार्थ्याने स्वतःकडे घेऊ नये. बेल्स पाल्सीतही स्टेरॉइडचा उपचार पहिल्या ७२ तासांत सुरू झाला तर अधिक लाभ होतो, त्यामुळे उशीर दोन्ही परिस्थितींत महागात पडतो.

संशोधनासाठी चित्रण करायचे असेल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यांचा विचार संमतीपत्र तयार करतानाच करावा. इतर तपासण्यांत रुग्णाचे नाव काढून टाकले की ओळख बरीचशी लपते. येथे मात्र चेहरा हीच माहिती आहे आणि डोळ्यांवर काळी पट्टी लावली तर मोजायची गोष्टच झाकली जाते. म्हणून उपचारासाठी चित्रण, संशोधनासाठी वापर आणि लेखात छायाचित्र छापणे या तीन गोष्टींची संमती वेगवेगळी आणि रुग्णाच्या भाषेत घ्यावी. दुसऱ्या संस्थेला माहिती द्यायची झाल्यास मूळ व्हिडिओ न देता चेहऱ्यावर खुणावलेल्या बिंदूंचे निर्देशांक, म्हणजे त्यांच्या जागांचे आकडे, देणे पुरेसे ठरते का, हे आधी पाहावे.

चित्रणाची मांडणी

रुग्णाला पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवावे, मागे एकरंगी भिंत असावी आणि कॅमेरा तिपाईवर, रुग्णाच्या डोळ्यांच्या उंचीवर, सुमारे दीड मीटर अंतरावर ठेवावा. अंतराचा आग्रह निष्कारण नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार सुमारे ३० सेंटिमीटरवरून घेतलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी दीड मीटरवरून घेतलेल्या छायाचित्राच्या तुलनेत जवळपास ३० टक्के अधिक भासते. चेहऱ्याचा मधला भाग असा फुगल्यावर ओठांच्या आणि गालांच्या मापांनाही अर्थ उरत नाही. त्यामुळे जवळ जाण्याऐवजी मागचा कॅमेरा वापरून थोडे झूम करावे. पुढचा कॅमेरा टाळण्याचे आणखी एक कारण असे की, काही फोन त्यातील चित्र आरशाप्रमाणे उलटे साठवतात आणि उजवी बाजू डावी म्हणून नोंदली जाते. प्रत्येक चित्रणाच्या प्रारंभी रुग्णाने उजवा हात वर करावा, म्हणजे ही शंका कायमची मिटते.

फोनमधील त्वचा गुळगुळीत करणारी सुविधा आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद करावे, कारण दोन्ही चित्राचा आकार किंवा पोत बदलतात. फोकस आणि प्रकाशमान एकदा ठरवून कुलूपबंद करावे. प्रकाश समोरून आणि पसरट यावा. एका बाजूने आलेल्या प्रकाशात एका गालावरची रेघ खोल दिसते आणि निरोगी चेहराही असमान भासतो. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण व्हिडिओत पट्टे उमटतात. शटरचा वेग सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवला तर हा त्रास बहुतांशी टळतो.

फ्रेमचा वेग प्रश्नानुसार ठरवावा. ओठांचा कोपरा किती सरकला एवढेच पाहायचे असेल, तर सेकंदाला ३० फ्रेम पुरतात. डोळ्याची उघडझाप मोजायची असेल, तर पापणी खाली येण्याची क्रिया सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात उरकते, म्हणजे ३० फ्रेमच्या चित्रणात तिच्या वाट्याला जेमतेम तीन फ्रेम येतात. अशा वेळी १२० किंवा २४० फ्रेम हव्यात, आणि तेव्हा शटर अधिक जलद ठेवावे लागत असल्यामुळे न लुकलुकणारा दिवा किंवा दिवसाचा उजेडच वापरावा. अनेक फोन कमी प्रकाशात फ्रेमचा वेग आपोआप बदलतात. म्हणून काळ मोजताना फ्रेमचा क्रमांक न धरता फाइलमधील प्रत्येक फ्रेमची वेळ वाचावी. मूळ फाइल केबलने उतरवून घ्यावी; व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते.

चष्मा काढायला सांगावा, केस मागे बांधावेत, दाढी असल्यास तशी नोंद करावी. ओठांचे कोपरे मिशीत हरवत असतील, तर तेथे डोळ्यांच्या पेन्सिलने बारीक ठिपका द्यावा. एकाच मापाच्या छोट्या चिकट टिकल्याही खुणा म्हणून उत्तम चालतात. फक्त स्थिर संदर्भासाठी टिकली कपाळावर लावू नये, कारण भुवया उचलताच कपाळाची त्वचा सरकते. नाकाच्या मुळाशी ती त्यामानाने स्थिर राहते.

कोणत्या हालचाली, कोणत्या शब्दांत

आरंभी आणि शेवटी पाच-पाच सेकंद चेहरा पूर्ण सैल ठेवून चित्रण करावे. त्यानंतर भुवया उचलणे, डोळे अलगद मिटणे, डोळे घट्ट मिटणे, नाक आक्रसणे, ओठ मिटून हसणे, दात दाखवून हसणे, शिट्टी वाजवताना काढतो तसे ओठ पुढे काढणे आणि खालचा ओठ खाली ओढून खालचे दात दाखवणे, या क्रिया प्रत्येकी तीन वेळा करवून घ्याव्यात. सनीब्रुकमधील पाचही क्रिया यांत येतात, त्यामुळे त्याच व्हिडिओवरून हातानेही गुण देता येतात. सूचना कागदावर लिहून प्रत्येक वेळी त्याच शब्दांत वाचाव्यात. ‘हसा’ आणि ‘जमेल तेवढे मोठे हसा’ या दोन सूचनांनी एकाच माणसाचे दोन वेगळे आकडे मिळतात, आणि तो फरक उपचाराचा परिणाम म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो.

डोळे मिटण्याच्या क्रियेकडे विशेष लक्ष द्यावे. हाऊस-ब्रॅकमनमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतील सीमारेषा प्रयत्नाने डोळा पूर्ण मिटतो की नाही, यावरच आखलेली आहे. मिटण्याचा प्रयत्न करताना बुबुळ वर सरकते आणि फटीतून केवळ पांढरा भाग दिसतो. याला बेल्स फिनॉमिनन म्हणतात. अशा वेळी बुबुळ दिसत नाही म्हणून प्रोग्रॅम डोळा मिटलेला समजू शकतो, तेव्हा पापण्यांमधील अंतर स्वतः तपासावे. डोळा उघडा राहत असेल, तर बुबुळ कोरडे पडून जखम होऊ शकते, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांची भेट मोजमापाच्या आधी व्हायला हवी. कुष्ठरोगात चेहऱ्याच्या नसेची डोळ्याकडील शाखा बाधित झाल्यासही असेच घडते, आणि त्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी पापण्यांतील अंतराचे मोजमाप मोलाचे आहे.

नस दुखावल्यानंतर काही महिन्यांनी तंतू पुन्हा वाढताना चुकीच्या स्नायूकडे जाऊ शकतात. मग हसताना डोळा बारीक होतो किंवा डोळा मिटताना ओठ ओढला जातो. ही सहहालचाल, म्हणजे सिंकायनेसिस, शोधण्यासाठी प्रत्येक क्रियेत संपूर्ण चेहऱ्याचे बिंदू नोंदवावेत, केवळ त्या क्रियेशी संबंधित भागाचे नव्हेत. बोलण्याचीही एक छोटी चाचणी ठेवावी. प, ब, भ आणि म यांच्या उच्चारात दोन्ही ओठ पूर्ण मिटावे लागतात, म्हणून ‘पपई’, ‘बाभूळ’, ‘भोपळा’, ‘मामा’ असे शब्द चांगले. ‘फ’ मात्र काही जण दात ओठावर टेकवून उच्चारतात, तेव्हा तो टाळावा.

दंतवैद्यकातील चित्रण

दातांच्या डॉक्टरांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: हसताना वरचा ओठ किती उचलला जातो, किती दात आणि किती हिरडी दिसते. १९८४ पासून प्रचलित असलेल्या वर्गीकरणात वरच्या पुढच्या दातांची पूर्ण उंची आणि त्यावर हिरडीची सलग पट्टी दिसली तर उच्च, ७५ ते १०० टक्के उंची दिसली तर मध्यम आणि त्याहून कमी दिसली तर निम्न स्मितरेषा मानतात. एका स्थिर छायाचित्रावरून हा निर्णय घेणे मला धोक्याचे वाटते, कारण सांगून आणलेले हसू आणि उत्स्फूर्त हसू यांत ओठाची उंची वेगळी असते, आणि दातांची लांबी वाढवण्याचा किंवा हिरडी कापण्याचा निर्णय परत फिरवता येत नाही. त्यामुळे दोन्ही प्रकारचे हसू चित्रित करावे; गप्पांच्या ओघात कॅमेरा चालू ठेवला की दुसरे मिळते. हनुवटी खाली झुकली की दिसणारी हिरडी कमी होते, म्हणून डोके नैसर्गिक स्थितीत ठेवून कॅमेरा या चाचणीपुरता दातांच्या पातळीवर आणावा. खालच्या जबड्याची बधिरता देताना सुई फार मागे, लाळग्रंथीत गेल्यास चेहऱ्याची ती बाजू काही तास लुळी पडू शकते, म्हणून उपचाराच्या दिवशीचे चित्रण सुई देण्यापूर्वीच उरकावे.

बिंदू, गणित आणि त्यांवरील विश्वास

चेहऱ्यावरील बिंदू शोधण्यासाठी आज मोफत साधने उपलब्ध आहेत. डीलिबसोबत सामान्यतः ६८ बिंदूंचे प्रारूप वापरतात आणि मीडियापाइपची जाळी ४६८ बिंदू देते. ही प्रारूपे मुख्यतः निरोगी चेहऱ्यांवर शिकवलेली असल्यामुळे वाकड्या चेहऱ्यालाही ती समानतेकडे ओढतात, आणि ओघळलेला ओठाचा कोपरा प्रत्यक्षाहून वर दाखवला जाऊ शकतो. म्हणजे ज्या रुग्णासाठी मोजमाप हवे, त्याच्याच बाबतीत चूक अधिक होते. यावर उपाय एकच: बिंदू व्हिडिओवर रंगवून पाहावेत, विश्रांतीच्या आणि कमाल हालचालीच्या फ्रेममध्ये ते हाताने दुरुस्त करावेत, आणि काही फ्रेम दोन व्यक्तींनी एकमेकांचे उत्तर न पाहता खुणावून फरक तपासावा.

गणिताची सुरुवात डोक्याची हालचाल वजा करण्यापासून होते. डोळ्यांचे नाकाकडील कोपरे हसताना फारसे सरकत नाहीत, म्हणून त्यांना जोडणारी रेषा आडवी करावी, तिचा मध्य हा शून्य बिंदू मानावा आणि तिच्या लांबीने सर्व अंतरे भागावीत. मिलिमीटर हवे असतील, तर प्रौढ व्यक्तीच्या बुबुळाच्या रंगीत वर्तुळाचा आडवा व्यास सुमारे ११.७ मिलिमीटर असतो आणि तो माणसामाणसांत फार बदलत नाही, त्याचा पट्टीसारखा उपयोग करता येतो. डोके डावी-उजवीकडे वळले तर मात्र साध्या कॅमेऱ्याच्या द्विमितीय गणिताने ते सुधारत नाही. अशा फ्रेम वगळाव्यात, आणि किती वळल्यावर वगळायच्या हे आकडे पाहण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

आता ओठाच्या कोपऱ्याचे विस्थापन दोन्ही बाजूंना काढता येते. बहुतेक जण येथे बाधित बाजूला निरोगी बाजूने भागून एक टक्केवारी देतात आणि थांबतात. समजा, पहिल्या भेटीत निरोगी बाजू ८ आणि बाधित बाजू ४ मिलिमीटर सरकली, म्हणजे गुणोत्तर ५० टक्के झाले. पुढच्या भेटीत निरोगी बाजू ५ आणि बाधित बाजू ४ मिलिमीटर सरकली, तर गुणोत्तर ८० टक्के होते आणि सुधारणा मोठी दिसते. प्रत्यक्षात लुळी बाजू तसूभरही पुढे सरकलेली नाही, अतिरिक्त ओढणारी निरोगी बाजू तेवढी शांत झाली आहे. रुग्णाला आरशात फरक जाणवेल आणि त्याचे महत्त्व आहेच, पण नस सुधारली असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची मूळ मापे नेहमी स्वतंत्रपणे द्यावीत.

विश्रांतीच्या पाच सेकंदांत बिंदू जेवढे थरथरतात, तेवढी त्या चित्रणातील किमान त्रुटी समजावी; त्याहून लहान बदलाला बदल म्हणू नये. वेग काढताना ही थरथर कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे आधी आलेख गुळगुळीत करणारी गाळणी लावावी आणि तिचे नाव व मापदंड अहवालात लिहावेत. शिवाय काही निरोगी व्यक्तींचे दोन वेगळ्या दिवशी चित्रण करून दोन मापांतील फरक ब्लँड-ऑल्टमन आलेखावर, म्हणजे दोन मापांच्या सरासरीसमोर त्यांतील फरक दाखवणाऱ्या आलेखावर, मांडावा. उपचाराविना जेवढा फरक दिवसागणिक पडतो, त्याच्या बाहेर गेलेला आकडाच रुग्णाच्या बाबतीत अर्थपूर्ण धरावा. कॅमेऱ्याचे अंतर, फ्रेमचा वेग, वगळलेल्या फ्रेमची संख्या, हाताने दुरुस्त केलेले बिंदू आणि डावी-उजवी ही रुग्णाची की पाहणाऱ्याची, या पाच नोंदी अहवालाच्या पहिल्याच पानावर असाव्यात, म्हणजे दुसऱ्या गावातील संशोधकालाही तेच मोजमाप पुन्हा करून पाहता येईल.