पेटीतल्या साडीत अजून जीव आहे

आमच्याकडे खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या बहिणी माहेरी येतात. आमरस-पुरणपोळी खाऊन झाली की बाहेर ४३-४४ डिग्री ऊन, घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, मग आई तिची लोखंडी पेटी उघडते आणि संध्याकाळपर्यंत आम्ही साड्यांच्या ढिगात बसलेल्या असतो. तीन वर्षांपूर्वी अशाच दुपारी त्या पेटीतून आईची जांभळी काठपदर साडी निघाली. घडीवर दोन ठिकाणी विरलेली, खाली पायाशी किनार घासलेली, मी म्हटलं ही आता भांडेवालीला देऊन टाकू. गल्लीतल्या शिवणवाल्या मावशी तेव्हा तिथेच बसलेल्या, त्यांनी साडी खिडकीच्या उजेडात धरली, दोन्ही हातांनी हलकेच ताणून बघितली आणि म्हणाल्या, "यामा आखो जीव शे," म्हणजे यात अजून जीव आहे. त्या साडीचा कुर्ता आणि ओढणी झाली, आणि तो कुर्ता मी आजही घालते. तेव्हापासून मी नवीन कपडे घेणं खूपच कमी केलंय, तरी पहिल्यापेक्षा जास्त छान तयार होऊन बाहेर पडते. हे कसं जमवलं ते सांगते.

आधी कपाटातलं सगळं पलंगावर काढा, अर्धवट नाही, सगळं. तीन ढीग करा. एक जे तुम्ही खरंच घालता, दुसरा जे घातलं असतं पण काहीतरी अडतंय, आणि तिसरा ज्यात काही राहिलेलं नाही. खरा माल त्या मधल्या ढिगात असतो. त्यातल्या प्रत्येक कपड्याला टाचणीने एक चिठ्ठी लावा आणि काय अडतंय ते लिहा, म्हणजे हुक तुटलाय, बगलेत घट्ट होतो, डाग आहे, सलवार गेली नुसता टॉप राहिला, मॅचिंग ब्लाउज नाही. मी हे केलं तेव्हा कळलं की माझ्या निम्म्या साड्या फक्त ब्लाउजमुळे पडून होत्या! साड्या चांगल्या, ब्लाउज लग्नाच्या वेळचे, आता चढत नाहीत.

म्हणून पहिला खर्च ब्लाउजवर करा. जुना ब्लाउज उलटा करून बघा, चांगल्या टेलरने शिवला असेल तर बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे एक-दीड इंच कापड दाबलेलं असतं, ती टीप उसवली की ब्लाउज सैल होतो, पन्नास-साठ रुपयांचं काम. कापड दाबलेलं नसेल तर बगलेखाली त्याच रंगाचा किंवा मुद्दाम वेगळ्या रंगाचा तुकडा घालून घ्या, हात खाली असला की दिसतही नाही. आणि प्रत्येक साडीला तिचाच ब्लाउज हवा हा हट्ट सोडून द्या. एक काळा सुती, एक फिक्कट सोनेरी, आणि एक खणाचा गडद हिरवा किंवा राणी कलरचा, असे तीन नीट मापाचे शिवून घेतले की माझ्या अनुभवात दहा-बारा साड्या परत बाहेर निघतात. खणाचा ब्लाउज तर साध्या सुती साडीवर असा उठून दिसतो की लोक साडी नवीन आहे का विचारतात.

आता साडीचा कुर्ता. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण चुकीचं कापलं की साडी वाया जाते. साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ४४-४५ इंच. काठ साडीच्या लांबीने धावतो, म्हणजे कुर्त्याच्या घेराला खाली काठ हवा असेल तर कापड आडवं वापरावं लागतं आणि साडीचा पन्हा हाच तुमच्या कुर्त्याची उंची होतो. वरच्या बाजूचा काठ खांद्याकडे येतो, तो आधी कापून बाजूला ठेवायचा, तो बाह्यांना आणि गळ्याच्या पट्टीला लागतो. तेवढं गेलं आणि शिवणीचं कापड धरलं की कुर्ता ३९-४० इंचाचा होतो, गुडघ्यापर्यंत किंवा थोडा खाली. टेलरला आधीच सांगा, नाहीतर ती सवयीने कापड उभं धरून कापते आणि काठ कडेला जातो. पदराकडून सव्वादोन-अडीच मीटर ओढणीसाठी ठेवायचं म्हणजे पदर ओढणीच्या एका टोकाला येतो, उरलेल्या तीन मीटरमधे कुर्ता आरामात बसतो आणि छोटा बटवा पण होतो.

कापायच्या आधी फॉल काढून साडी धुवा. फॉलखालचा कपडा उजेड न लागल्यामुळे बाकीपेक्षा गडद असतो, तो पट्टा कुर्त्यावर मधेच आला तर वाईट दिसतो. नंतर साडी दिव्यासमोर धरून विरलेल्या जागांना खडूने गोल करा. जुनी रेशमी साडी घडीवरच फाटते, वर्षानुवर्षं एकाच जागी घडी असते म्हणून, तेव्हा कापताना त्या जागा टाळायच्या आणि सगळ्याला सुती अस्तर लावायचं. अस्तराचं कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या, ते आटतं, आणि शिवल्यावर आटलं की कुर्ता चुण्या पडून बसतो, माझा एक असाच गेला.

पण ज्या साडीत अजून नेसण्याइतका दम आहे ती कापू नका. तिला नवा फॉल लावा, पिको करा, पदराला गोंडे बांधून घ्या आणि नेसा.

डागांचं सांगते, कारण आपल्या भागात हा फार मोठा विषय आहे. केळीच्या बागेत गेलं की कपड्याला चीक लागतो. लागतो तेव्हा दिसतही नाही, पाण्यासारखा असतो, नंतर हवा लागून तपकिरी-काळा होतो आणि मग साबण, लिंबू, काही करा, निघत नाही. भावाच्या केळीत माझा पांढरा सुती कुर्ता असा खराब झाला, पोटावर हाताच्या पंजाएवढे दोन डाग. आधी त्यावर फुलं भरायचा विचार केला, मग डागालाच कामाला लावलं. चिकात टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य असतं आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग होतो, हिरड्याचं पण तेच. म्हणून कुर्ताच राखाडी-काळा रंगवला आणि डाग त्यात मिसळून गेले.

पद्धत अशी. प्लास्टिकच्या डब्यात गंजलेले खिळे-पत्रे, मूठभर गूळ आणि दोनेक लिटर पाणी, झाकण सैल ठेवून दहा-पंधरा दिवस बाहेर सावलीत. वास येतो, वर फेस येतो, तो बरोबर आहे. पाणी फडक्याने गाळून घ्या. कुर्ता गरम पाण्यात साबणाने चांगला धुवून त्याची खळ काढा. मग ४०-५० ग्रॅम हिरडा पावडर, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, कोमट पाण्यात कालवून कुर्ता त्यात तासभर बुडवून ठेवा, अधूनमधून हलवा, नाहीतर पट्टे येतात. पिळून सावलीत वाळवा, कपडा पिवळसर होईल. नंतर बादलीभर पाण्यात लोखंडाचं पाणी आधी फक्त एक कप घाला आणि कुर्ता त्यात टाका, डोळ्यासमोर तो पिवळ्याचा राखाडी होतो, दोन मिनिटात! बघायला इतकं भारी वाटतं की पहिल्यांदा मी सगळ्या घराला बोलावलं होतं. अजून गडद हवा असेल तर थोडं थोडं वाढवा पण एकदम जास्त नको, लोखंड जास्त झालं की सूत कुजतं आणि कपडा वर्षभरात फाटतो. भरपूर पाण्यात खळबळून धुवा. हातमोजे घाला, आणि जे भांडं यासाठी वापराल ते परत स्वयंपाकात नको.

हे मी फक्त सुतीवर करते. कपडा सुती आहे का ते बघायला शिवणीतून एक धागा काढून जाळा, कागदासारखा जळून राख झाली तर सुती, केस जळल्याचा वास आला तर रेशीम, वितळून टणक गोळी झाली तर पॉलिस्टर. पॉलिस्टरवर हा रंग चढत नाही. हळदीने रंगवायचा सल्ला पण खूप जण देतात, रंग सुंदर येतो पण आपल्या उन्हात दोन-चार वाळवण्यात उडतो, त्यापेक्षा डाळिंबाची सालं उकळून तुरटीसोबत वापरा, तो पिवळा जास्त टिकतो.

अखाजीची अदलाबदल आमच्या घरात आता ठरलेलीच आहे, ह्याला एक रुपया लागत नाही. प्रत्येकीने पाच कपडे आणायचे, धुवून, इस्त्री करून, हुक-बटण नीट करून. सगळे सतरंजीवर मांडायचे आणि वयाने सगळ्यात लहान मुलीने पहिलं उचलायचं. एक गोष्ट आधीच बोलून घ्या, दिलं ते दिलं का फक्त लग्नापुरतं नेलं. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका बनारसीवरून मोठी वहिनी आणि मावसबहीण यांच्यात महिनाभर अबोला होता, आता उसनं दिलेलं असेल तर वहीत लिहितो. लग्नातला लेहंगा तर कोणीच विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, भाड्याने घ्या नाहीतर जावेचा घ्या, एका संध्याकाळीसाठी इतके पैसे आणि नंतर दहा वर्षं कपाटातली जागा!

तरी काही नवीन लागतंच. तेव्हा मी आधी कपडा हातात घेऊन शिवण बघते आणि मग किंमत बघते, आणि किंमत फारच कमी असेल तर मला बरं वाटत नाही. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणारे कामगार, त्यात बायका जास्त. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. दीडशे रुपयात टॉप मिळतो तेव्हा उरलेले पैसे कोणीतरी दुसऱ्याने भरलेले असतात. आणि आपण तर कापूस पिकवणारी माणसं, वेचणीला एका बाईचे हात दिवसभर बोंडांच्या काट्यांनी कसे होतात ते आपल्या घरात बघितलंय, आपल्याला तरी कपडा फुकट वाटायला नको.

म्हणून वर्षात दोन-तीनच घ्या पण सुती घ्या, आपल्या उन्हाळ्यात पॉलिस्टर अंगाला चिकटतं आणि दर धुण्यात त्याचे बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात. खादी भांडारात २ ऑक्टोबरच्या आसपास सूट लागते, तेव्हा तागा बघून कुर्त्याचं कापड घेऊन ठेवा. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, तिथे खादीचं प्रदर्शन होतं आणि गांधीजी आले होते, म्हणजे खादी आपल्याकडे काही परकी नाही. चाळीसगावकडच्या तांड्यांवर बंजारा बायका आरशा-कवड्यांचं भरतकाम करतात, त्याची छापील नक्कल बाजारात स्वस्त मिळते, ती घेऊ नका. बाईकडूनच एक पट्टी घ्या, ती सांगेल ती किंमत द्या आणि साध्या काळ्या कुर्त्याच्या गळ्याला लावा, एका पट्टीवर पूर्ण कपडा बदलतो.

तिसऱ्या ढिगातलं सुती गोधडीला ठेवा, बाकी भांडेवालीला द्या, ती ते पुढे विकते आणि त्यावर तिचं घर चालतं, तेव्हा एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस नको. घरी कामाला येणाऱ्या ताईंना द्यायचं असेल तर विचारून द्या, आणि तुम्ही स्वतः घातला असता असाच द्या, बगलेत विटलेला ब्लाउज नाही.

शिवणवाल्या मावशींचं शेवटचं. उसवून परत शिवणं नव्या शिवणापेक्षा किचकट असतं, डोळ्यांना त्रास होतो, तरी आपण "जुनंच तर आहे" म्हणून कमी पैसे देतो. मी नवीन कुर्त्याचीच शिलाई देते आणि अस्तराचे वेगळे. लग्नसराईत त्यांना घाई करू नका, तेव्हा रात्री दोनपर्यंत मशीन चालू असते. आषाढात त्या मोकळ्या असतात. चिठ्ठ्या लावलेला ढीग तेव्हा घेऊन जा, शेजारी बसा, कापताना काठ आडवा धरलाय ना ते बघा, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला घालायला नवा कुर्ता तयार असतो.