राजाच्या मंजुरीचं जमीनपत्र कसं वाचायचं: एका निवृत्त पटवाऱ्याची रीत

कागदाच्या वरती राजाचं नाव दिसलं की वाचणारा लगेच म्हणतो, ‘राजानं याला जमीन दिली.’ सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडच्या कितीतरी पत्रांत राजानं नवं काहीच दिलेलं नसतं. व्यवहार दोघांत आधीच होऊन गेलेला असतो. राजा फक्त ‘आम्हाला मान्य’ एवढं म्हणतो. आमच्या खात्यात त्याला फेरफार मंजूर होणं म्हणतात.

मी साकोलीकडच्या सजांवर पटवारी होतो. नोकरी फेरफार लिहिण्यातच गेली. पुतणी नागपुरात इतिहासाचं एम.ए. करते. तिनं या नोंदींचा गठ्ठा आणून समोर ठेवला, ‘मोठेबाबा, यातला व्यवहार तुम्ही सांगा, लॅटिन मी सांगते.’ तेव्हापासून आमची दोघांची जोडी जमली आहे. ज्यांना असे कागद वाचायचे आहेत त्यांच्यासाठी आमची रीत लिहून ठेवतो.

कागद मिळणं सोपं आहे. राजाच्या मोठ्या शिक्क्यानं निघालेल्या पत्रांची नोंद एका रजिस्टरात होत असे. मूळ रजिस्टर एडिनबरात, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे आहे. 1306 ते 1668 या काळाचे 11 खंड छापलेले आहेत आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट बघता येतात. छापील नोंद लॅटिनमध्ये आहे, मधे राजा नसताना क्रॉमवेलची राजवट होती, तिची काही वर्षं तेवढी इंग्रजीत. पण छापताना संपादकांनी ठरावीक मजकूर गाळून सारांश दिला आहे. म्हणून एखादं कलम छापील नोंदीत नाही, यावरून ते मूळ पत्रातही नव्हतं असं धरू नका.

सुरुवात क्रियापदापासून करा. ‘रेक्स’ म्हणजे राजा. त्याच्या पुढे ‘कॉन्सेसित’ असेल तर राजानं स्वतः दिलं. ‘कॉन्फिर्माव्हित’ असेल तर दुसऱ्या कुणाचं पत्र राजानं कायम केलं. हा दुसरा प्रकार असला की वरचा राजा सोडा आणि थेट आतल्या पत्रावर या. कोणी लिहून दिलं, कोणाला दिलं, दोघांचं नातं काय, हे आधी वहीत उतरवा. बापानं थोरल्या मुलाच्या नावानं केलं आणि उत्पन्न मात्र स्वतः जिवंत असेपर्यंत राखून ठेवलं, असं पुष्कळदा सापडतं. नवरा-बायको दोघांच्या नावानं असेल तर बहुधा लग्नाच्या कराराचा माग लागतो. आडनावं वेगळी आणि शब्द विक्रीचे असतील तर खरेदी, निदान वरून दिसायला तरी. तिच्याबद्दल पुढे बोलू.

आता खरा प्रश्न: व्यवहार झाला होता, तर राजाची मंजुरी हवी कशाला?

तिथं सगळी जमीन शेवटी राजाकडून धरलेली मानत. राजाच्या खाली जमीनदार, त्याच्या खाली आणखी धारक, अशी उतरंड. प्रत्येकाला वरचा एक धनी. विकणाऱ्यापुढे दोन वाटा असत. घेणाऱ्यानं ‘माझ्याकडून’ धरावं, म्हणजे विकणारा मधे धनी म्हणून कायम. किंवा घेणाऱ्यानं ‘माझ्या धन्याकडून’ धरावं, म्हणजे विकणारा मधून बाजूला. दुसऱ्या वाटेत धन्याला नवा माणूस पत्करावा लागतो, म्हणून त्याची मंजुरी येईपर्यंत घेणाऱ्याचा हक्क अधांतरी. मंजुरी आली की हक्क मागच्या तारखेपासून पक्का होई, मधल्या काळात दुसऱ्या कुणाचा हक्क आड आला नसेल तर. एकच जमीन दोघांना अशा रीतीनं विकली असेल तर ज्याची मंजुरी आधी, तो पुढे. मग ‘टेनेन्द’ हा शब्द शोधा. जमीन कोणाकडून धरायची ते त्याच्याच पुढे लिहिलेलं असतं. तिथं राजा असेल तर मंजुरीचं कारण तुम्हाला मिळालं.

दुसरं कारण भीतीचं. काही जमिनी ‘वॉर्ड’ प्रकारच्या होत्या, मूळ शर्त लष्करी चाकरीची. वारस वयानं लहान असेल तर त्याच्या जमिनीचं उत्पन्न धनी खाई आणि त्याच्या लग्नाचीही किंमत घेई. धन्याला न विचारता अशी निम्म्याहून जास्त जमीन विकली, तर सगळीच धन्याकडे जमा. आपल्याकडे भोगवटादार वर्ग दोनची जमीन विनापरवानगी विकली की शर्तभंगाची नोटीस येते, ते ज्यानं पाहिलं त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. 1746 च्या कायद्यानं हा प्रकार गेला. त्याआधीचं पत्र असेल आणि जमीन वॉर्डची असेल, तर मंजुरी म्हणजे आधी घेतलेलं संरक्षण.

तिसरं कारण चर्चच्या जमिनी. मठांनी आणि बिशपांनी रोख रकमा घेऊन, कायमचा ठरीव खंड लावून, ‘फ्यू’ पट्ट्यानं पुष्कळ जमीन देऊन टाकली होती. पूर्वी अशा पट्ट्यांना पोपची मान्यता घेत. 1560 मध्ये तिथल्या संसदेनं पोपची सत्ता झुगारली, मग मान्यता कोणाची? 1564 मध्ये संसदेनं ठरवलं की तेव्हा गादीवर असलेल्या राणी मेरीची. त्यामुळे पुढच्या काही दशकांत आतलं पत्र एखाद्या मठाधिपतीचं आणि बाहेरची मंजुरी राजदरबाराची, अशा जोड्या दिसू लागतात. त्यांतले घेणारे सगळेच बडे सरदार नाहीत. काही तर तीच जमीन कसणारे साधे शेतकरी. मला हीच पत्रं सगळ्यात आवडतात.

तारखा दोन असतात, आतल्या पत्राची आणि बाहेरच्या मंजुरीची. दोन्ही लिहा आणि मधलं अंतर बघा. थोडं असेल तर नेहमीचा व्यवहार. बरीच वर्षं गेली असतील तर एवढा वेळ निवांत असलेला माणूस आताच का धावला ते शोधा: वाद, कर्ज, विकणाऱ्याचा मृत्यू, की मुलीचं लग्न? यात एक खाच आहे. 1600 सालापर्यंत तिथलं वर्ष 25 मार्चला बदलत असे. आतल्या पत्रावर 20 नोव्हेंबर 1587 आणि मंजुरीवर 10 फेब्रुवारी 1587 असेल, तर खरेदीआधी मंजुरी कशी, असं वाटेल. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबानं 1588 चा. राज्यवर्ष, म्हणजे राजा गादीवर आल्यापासूनचं कितवं वर्ष ते, दिलं असेल तर ताळा करता येतो. सहाव्या जेम्सचं पहिलं वर्ष 24 जुलै 1567 ला सुरू झालं, म्हणून ही मंजुरी त्याच्या एकविसाव्या वर्षात पडली पाहिजे. स्कॉटलंडनं 1 जानेवारी 1600 पासून पद्धत बदलली, इंग्लंडनं 1752 मध्ये. इंग्रजी कागदांचा नियम इथं लावू नका.

मग देणं. ‘रेड्डेन्दो’ या शब्दापुढे धन्याला दर वर्षी काय द्यायचं ते असतं. कुठे पैसे, कुठे धान्य, कुठे उन्हाळ्यात एक गुलाबाचं फूल किंवा एक पेनी, तीसुद्धा ‘मागितली तरच’. याला ‘ब्लेंच’ म्हणत. फूल बघून हसू नका, धन्याची मर्जी होती का ते त्यावरून कधीकधी कळतं. आपल्याकडचा मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार, वसुलातला मोठा भाग सरकारला भरत होता. या फूलवाल्याला मालगुजार म्हणून मोकळं होऊ नका, दोन्ही गोष्टी बिघडतील.

जमीन मोजायलाही घाई नको. ‘40 शिलिंगांची जमीन, जुन्या आकारणीनं’ असं आलं तर ती किंमतही नाही आणि क्षेत्रही नाही, फार पूर्वी बसवलेला आकार आहे. सातबारावरच्या आकारावरून वावराचा भाव कोणी काढत नाही, तसंच. ‘मर्क’ म्हणजे पाउंडाचा दोनतृतीयांश, 13 शिलिंग 4 पेन्स. आणि हे पाउंड स्कॉटलंडचे: 1603 मध्ये असे बारा पाउंड मिळून इंग्लंडचा एक होई.

मूळ पत्र हाती आलं तर पुढे लांबच लांब यादी लागेल: जंगल, माळ, दलदल, वाटा, पाणी, गिरण्या, मासेमारी, शिकार, कबुतरखाने, ससे, कोळसा, दारूभट्ट्या, जळणाची माती, न्यायसभा आणि तिचे दंड. पुतणीनं लगेच लिहून घेतलं की या गावात कोळसा निघत होता. मी थांबवलं. आपल्या इनामाच्या सनदांतही ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ असतं, म्हणून प्रत्येक गावात पुरलेला खजिना नव्हता. कारकुनानं पाठ असलेलं लिहिलं. यादीत नेहमीपेक्षा वेगळं काय, तेवढंच टिपा. एखादी गिरणी नावानिशी आली असेल तर ती खरी. कुळांना ठरलेल्याच गिरणीत दळावं लागे आणि दळणातला वाटा द्यावा लागे, म्हणजे गिरणी हे चांगलं उत्पन्न. आमच्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावरून आणि निस्तार हक्कावरून, म्हणजे गावकऱ्यांच्या सरपण-चराईच्या हक्कावरून, जेवढी भांडणं झाली तेवढी धुऱ्यावरूनही, म्हणजे बांधावरूनही, झाली नाहीत. म्हणून असे वेगळे नोंदलेले हक्क मी जमिनीच्याही आधी वाचतो.

शेवटी ‘नोवोदामुस’ कलम आहे का बघा. म्हणजे ‘आम्ही नव्यानं देतो’. मंजुरीच्या पोटात हे शिरलं असेल तर जुन्या हक्कात काहीतरी कच्चं होतं, किंवा राजाची जुनी येणी माफ करून घ्यायची होती. हे फुकट होत नसे. अर्जाचा मसुदा, खजिन्याशी तडजोडीची रक्कम, मग सिग्नेट आणि प्रिव्ही सील हे राजाचे दोन लहान शिक्के आणि शेवटी मोठा शिक्का, असा कागद फिरे. टेबलागणिक फी ही काही आपलीच रीत नाही. साक्षीदारांत मोठमोठे मंत्री दिसले तर हुरळू नका. छापील नोंदीत बहुधा ‘साक्षीदार इतर पत्रांप्रमाणे’ एवढंच असतं, ती ठरलेली नावं. आतल्या पत्राचे साक्षीदार मात्र गावचे, शेजारचे, भावकीतले. ते सगळे उतरवून घ्या.

आता त्या खरेदीबद्दल. पत्रात ‘विकलं’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि तरी ते कर्ज असू शकतं. ‘वॉडसेट’ म्हणून प्रकार होता: कर्ज देणाऱ्याला जमीन खरेदीसारखी करून द्यायची, आणि पैसे परत केले की जमीन परत, असा वेगळा कागद त्याच्याकडून घ्यायचा. मंजुरीच्या पत्रात त्या कागदाचा मागमूसही नसेल. आमच्या भागात मुदत खरेदीनं गेलेली वावरं मी पाहिली आहेत. कबाला सरळ विक्रीचा, आणि परतीची बोली एका चिठ्ठीवर किंवा नुसती तोंडी. म्हणून काही वर्षांनी तीच जमीन जुन्याच घराण्याकडे दिसली तर रजिस्टर चुकलं म्हणू नका, कर्ज फिटलं का ते तपासा.

तपासायची जागा दुसरं रजिस्टर. नुसत्या पत्रानं जमीन मिळत नसे, ताबा जमिनीवर जाऊन घ्यावा लागे. देणाऱ्याचा माणूस घेणाऱ्याच्या हातात तिथलीच माती आणि दगड ठेवी, मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी, आणि नोटरी तसा कागद करी. याला ‘ससीन’. 1617 च्या कायद्यानं हा कागद 60 दिवसांत नोंदवणं आलं, आणि परतीच्या बोलीचे कागदही त्याच कायद्याखाली आले. म्हणून 1617 नंतरच्या प्रत्येक मंजुरीसाठी ससीनचं रजिस्टर उघडा, जिल्ह्याचं आणि सर्वसाधारण दोन्ही. ससीन सापडलं तर तिसरी तारीख मिळते. नाही सापडलं, तर त्या माणसाला जमीनदार लिहिण्याआधी थांबा. आणि नोंद शोधताना गावाच्या नावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा, तिथले कारकून स्पेलिंगच्या बाबतीत आपल्यासारखेच मोकळे होते.